जुना ड्रायव्हर काढून टाक

मी सायवनच्या योगिताचा लॅपटॉप. सध्या चालू आहे, तोवर बोलून घेतो. मधेच गप्प झालो आणि तोंड निळं पडलं, तर घाबरू नका. पूर्वी असं सारखं व्हायचं. आता होत नाही, पण ज्याची एकदा चारचौघांत फजिती झाली तो पुढे कायम दबकून वागतो. माझं तसंच झालं आहे.

माझा जन्म कुठला, ते माझ्या पोटाखालच्या पट्टीवर छापलेलं होतं. ती पट्टी कधीच झिजून गेली. मला आठवतं ते वापीच्या एका कारखान्याचं ऑफिस. गार हवा, काचेचं टेबल, आणि रोज सकाळी मऊ फडक्याने माझं तोंड पुसणारे साहेब. तेव्हा मी फार तोऱ्यात असे. शेजारचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला घरघर करायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला हसायचो. मग एक दिवस नवा लॅपटॉप आला, मी कपाटात गेलो, आणि कपाटातून जुन्या मालाच्या दुकानात. हसणाऱ्याचे दात कसे दिसतात ते मला तिथे कळलं.

त्या दुकानातून मला लाहूने घेतलं. लाहू म्हणजे योगिताचा बाप. चारोटीच्या नविनशेठची इको गाडी तो चालवायचा. सायवनहून कासा, कासाहून चारोटी, आणि परत. बाजाराला जाणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळी त्याच्याच गाडीने जायची. आमच्या भागात त्याला नुसतं लाहू कोणी म्हणत नसे. लाहू ड्रायव्हर म्हणत. त्याच्या खाकी शर्टावर एक पितळी बिल्ला असे, त्यावर इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ लिहिलेलं. लाहू शाळेत फारसा गेलेला नाही. इंग्रजीतला तो एकच शब्द त्याला वाचता येतो.

मला घरी नेताना त्याने माझा खोका पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला चक्क सीटबेल्ट लावला. एक बाई पुढे बसायला आली, तर म्हणाला, मागे बस, इथे पॅसेंजर आहे. सगळी गाडी हसली. मला मात्र काचेच्या टेबलावरही कधी इतकं मोठं वाटलं नव्हतं.

योगिताने कासाला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तलासरीचा फोटोग्राफर मिथुन लग्नांचं शूटिंग करायचा, आणि ते कापून, जोडून, गाणी घालून त्याची फिल्म करायचं काम त्याने योगिताला दिलं. काम चोख झालं तर पुढचा सगळा सीझन तुझाच, असं त्याने सांगितलं होतं. कुडाच्या भिंतीला टेकून, मांडीवर मला घेऊन ती काम करायची. तिची आई शुक्री अधूनमधून डोकावून म्हणायची, त्याला जरा थंड होऊ दे, किती तापलाय. तापातल्या पोराबद्दल बोलावं तसं ती बोलायची.

आता एक शब्द समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. माझ्या आत पडदा, आवाज, कॅमेरा असे निरनिराळे भाग असतात. ते आपापले चालत नाहीत. प्रत्येकाला चालवणारा एकेक छोटा प्रोग्राम असतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. पडद्याचा ड्रायव्हर चुकला, की चित्र अडखळतं, मग सगळं काळं होतं, मग माझं तोंड निळं पडतं आणि त्यावर इंग्रजीत काहीबाही उमटतं. केलेलं काम पाण्यात जातं.

माझा पडद्याचा ड्रायव्हर जुना होता, माझ्याबरोबरच आलेला. आमचं एकमेकांशी छान जमायचं. पण एकदा योगिताने फोनचं नेट मला जोडलं, आणि अपडेट नावाचा पाहुणा न विचारता घरात शिरला. त्याने माझा जुना ड्रायव्हर उचलून बाजूला फेकला आणि एक नवा कोरा आणून बसवला. तो नवा माझ्यासारख्या जुन्या यंत्रासाठी नव्हताच. त्याला माझे खाचखळगे ठाऊक नव्हते. हे सगळं मला कळत होतं, पण सांगणार कसं? मला बोलता येतं ते फक्त तोंड निळं करून, आणि ती भाषा घरात कोणाला येत नव्हती.

तेव्हापासून मी बंद पडू लागलो. योगिता फिल्म पूर्ण करून सेव्ह करायला घ्यायची, आणि शेवट जवळ आला की मी कोसळायचो. तिने मला डहाणूला प्रविणकडे नेलं. प्रविण स्टेशनजवळच्या गाळ्यात मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने माझं पोट उघडलं, पंख्यातली धूळ आणि मेलेल्या मुंग्या काढल्या, माझी मेमरीची पट्टी खोडरबराने घासली. मी चार दिवस सरळ चाललो. मग पुन्हा निळा. मग प्रविणने मला पुसून कोरा केला, सगळं नव्याने भरलं. पुन्हा चार दिवस बरे गेले, पुन्हा अपडेट, पुन्हा निळा. बरा होऊन परत पडणाऱ्या रोग्याकडे लोक कसे बघतात, ते मी तेव्हा शिकलो. आधी कळवळून बघतात, मग कंटाळून.

सगळ्यात मोठी फजिती उधव्याला झाली. तिथल्या दक्षाच्या लग्नाची फिल्म तयार होत आली होती, आणि तिच्या घरच्यांनी अंगणातच बघायचा हट्ट धरला. सगळा पाडा जमला. मिथुनही आला. लग्न लावणारी धवलेरी बुधीबाई स्वतः पुढे बसली होती, आपलं गाणं ऐकायला. आमच्याकडे धवलेरीच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पडद्यावर बुधीबाईने तोंड उघडलं, पहिली ओळ अर्धी झाली, आणि मी कोसळलो. योगिताने परत चालू केलं. परत त्याच ओळीवर कोसळलो. अंगणात कुजबुज सुरू झाली. बुधीबाई म्हणाली, “राहू दे पोरी. माझ्या गाण्याने याला झोप लागते.” लोक हसले. योगिताही हसली, आणि परत परत माझं बटण दाबत राहिली. मिथुन हसला नाही. दक्षाच्या घरी फिल्म मी नंतर पोचवतो म्हणाला, आणि योगिताला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की हे असं किती वेळा होतं? ती म्हणाली, पहिल्यांदाच. माझ्यामुळे तिला खोटं बोलावं लागलं. मला झाकण असून ते मिटून घेता येईना, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

पण मी जिच्यासाठी आज तोंड उघडलंय, ती गोष्ट याच्यापुढची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योगिता ओट्यावर बसून प्रविणला फोन करत होती. मी तिच्या पुढ्यात. लाहू नुकताच गाडी लावून आला होता आणि ओट्याच्या खाली पाय धूत होता. तो आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. प्रविणने पलीकडून सांगितलं असावं, की ड्रायव्हर जुना झाला असेल, नवीन टाकून बघ. इकडून योगिता जे बोलली ते जसंच्या तसं माझ्या कानात आहे.

“ड्रायव्हरचाच घोळ हाय, दादा. मला पण तेच वाटत होतं. जुना झालाय आता. चालता चालता मधेच डोळ्यांपुढं सगळं काळं होतं. किती दिवस सांभाळून घेणार? त्यांना कळलं तर आमचं काम जाईल. त्यापेक्षा जुना ड्रायव्हर काढूनच टाकते. नवीन टाकू.”

खाली पाण्याचा आवाज थांबला. तांब्या दगडावर ठेवल्याचा आवाज आला. मग लाहू पायऱ्या न चढता तसाच मागच्या परसात निघून गेला. जेवायला बसला तेव्हा त्याने भाकरी अर्धी ठेवली. शुक्रीने विचारलं, तर म्हणाला, भूक नाय.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कारण मी त्याच्या गाडीतून पुष्कळदा गेलो होतो, योगिताच्या मांडीवरच्या बॅगेत. दिवसा तो गाणी लावायचा, बायांची चेष्टा करायचा. पण दिवेलागणी झाली की गाणी बंद व्हायची. शेजारी बसलेल्याला तो सहज बोलल्यासारखं विचारायचा, पुढं गुरं हायत काय रे? समोरून ट्रक आला की गाडी एकदम हळू व्हायची. एकदा सायवनच्या अलीकडे मोरीच्या कठड्याला पत्रा घासल्याचा मोठा आवाज झाला. नविनशेठला त्याने सांगितलं, की गाडी उभी असताना कोणीतरी घासून गेलं. मी बॅगेत अंधारात होतो. आवाज ऐकले, पण त्यांचा अर्थ लावला नाही. मी माझ्याच निळ्या तोंडाच्या काळजीत होतो.

सकाळी लाहू चारोटीला गेला आणि त्याने गाडीची चावी नविनशेठच्या टेबलावर ठेवली. ते मी पाहिलं नाही, नंतर कळलं. घरी त्याने सांगितलं की गाडी गॅरेजला लागली आहे. आणि शुक्रीबरोबर वाणगावकडे मिरची तोडायला जाऊ लागला. मजुरांच्या टेम्पोत मागे, बायांच्या डब्यांमध्ये उभा राहून. ज्याने इतकी वर्षं लोकांना बसवून नेलं, तो दुसऱ्याने चालवलेल्या टेम्पोच्या फळीला धरून जायचा. बिल्ला त्याने शर्टावरून काढला आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवला. बरोबर माझ्या समोर.

इकडे योगिताने प्रविणच्या सांगण्यावरून आणखी नवा ड्रायव्हर माझ्यात टाकला. मग तर मी फिल्म लावताच पडू लागलो. शेवटी ती मला घेऊन परत डहाणूला निघाली. त्यासाठी आधी चारोटीला जायला हवं. कासाच्या वाटेवर नविनशेठची गाडी आली, तिने हात केला. गाडी थांबली. बाबांची गाडी दुरुस्त झाली वाटतं, असं म्हणत ती पुढे बसली, आणि बघते तर स्टीअरिंगवर नविनशेठचा पुतण्या सुनिल.

तिने विचारलं, बाबा कुठे आहेत? सुनिलला आधी वाटलं ती मस्करी करते आहे. मग तिचा चेहरा बघून त्याने गाडी बाजूला घेतली.

“तुला माहीत नाय? तुझ्या बाबाने स्वतः येऊन चावी दिली. काका नको नको बोलत होता. तर लाहूकाका म्हणाला, माझी पोरगीच बोलते, ड्रायव्हर जुना झाला, काढून टाका. तिचं बरोबर हाय, म्हणाला. नवीन बघा.”

योगिताची बोटं बॅगेवरून माझ्या झाकणावर आवळली गेली. एवढ्या मोठ्या गाडीत तो शब्द कोणाचा होता, हे फक्त आम्हा दोघांना कळलं. ती चारोटीला उतरली, डहाणूला गेलीच नाही. मिळेल त्या गाडीने परत फिरली आणि ओट्यावर मला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मला तेव्हा वाटलं, कोणीतरी मला उचलून विहिरीत टाकावं.

लाहू आणि शुक्री मिरचीवरून आले. लाहूच्या हातांना तिखट लागलेलं, म्हणून तो हात अंगापासून लांब धरून चालत होता. योगिता उठली नाही. म्हणाली, बाबा, इथे बसा. तो बसला. तिने मला चालू केलं.

“बाबा, मी तुमच्याबद्दल बोलत नव्हते. या लॅपटॉपचा ड्रायव्हर खराब झालाय. यात पण ड्रायव्हर असतो.”

लाहू म्हणाला, यात कुठला ड्रायव्हर बसणार? त्याला वाटलं, पोरगी सारवासारव करते आहे. बापाचं मन राखायला काहीतरी जोडून सांगते आहे. तो समजुतीने मान हलवत राहिला, आणि त्याची ती समजूतदार मान मला बघवेना. योगिता रडकुंडीला आली. मग तिने फिल्म सुरू केली, मुद्दाम मला पाडायला.

मी पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून, जीव लावून पडलो. तोंड निळं केलं आणि त्यावर जे इंग्रजी उमटतं ते उमटू दिलं. योगिताने बोट ठेवलं. म्हणाली, हे वाचा. हा शब्द तुम्हाला येतो.

लाहू वाचायला वाकला. त्याला दिसेना, तो आणखी वाकला. मग हात टेकून आणखी पुढे आला, इतका, की त्याचा श्वास माझ्या काचेवर जमला. बोटभर अंतरावरून तो एकेक अक्षर शोधत होता. आणि माझ्या उजेडात त्याचे डोळे मला प्रथमच दिसले. दोन्ही बाहुल्यांवर पांढुरकं आलं होतं, दुधावर साय धरते तसं.

“ड्रायव्हर,” लाहू वाचून म्हणाला. “खरंच हाय की.”

योगिता माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. बिल्ल्यावरचा तो शब्द रोज छातीवर वागवणारा आपला बाप तो वाचायला काचेला नाक लावतो आहे, हे तिला दिसलं.

लाहू मागे सरला. हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसला. मग हळू आवाजात म्हणाला, “मला वाटलं, तुला कळलं.”

“काय कळलं?”

“दिवेलागणीला समोरून गाडी आली का रस्ता पुसून जातो. मोरीला मीच घासली. मागं आठ माणसं होती. तू फोनवर बोलली ना, डोळ्यांपुढं काळं होतं. मी म्हटलं, पोरीने बघितलंय, पण तोंडावर बोलत नाय. मग मलाच लाज वाटली.”

शुक्री दारात उभी होती. तिने हातातली पाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, “मला तरी बोलायचं.” दुसरं काही नाही. आत जाऊन तिने खोबरेल तेल आणलं आणि त्याच्या तिखट लागलेल्या हातांना चोळत बसली.

मी तोपर्यंत आपोआप पुन्हा सुरू झालो होतो. माझं बरं असतं. मी पडतो, उठतो, आणि सगळं कोरं. माणसाला तसं नसतं. लाहू किती महिने आतून बंद पडत होता, रोज संध्याकाळी. त्याचं तोंड कधी निळं झालं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. आणि मी, ज्याचं दुखणं सगळ्या पाड्याने पाहिलं, मीच सर्वांत जास्त लाजत होतो. आता त्या लाजेचीही लाज वाटते.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रविणने मला परत उघडलं आणि या वेळी नीट बघितलं. कपाळावर हात मारून तो योगिताला म्हणाला, चूक माझीच, उलटं सांगितलं. नवा ड्रायव्हरच वाईट, याला जुनाच चालतो. त्याने माझा जुना सोबती शोधून परत बसवला आणि अपडेटला दार बंद केलं. मी त्या दिवसापासून एकदाही पडलेलो नाही. योगिताने मिथुनला सगळं खरं सांगितलं. तो थोडा चिडला, पण काम काढून घेतलं नाही. दक्षाच्या लग्नाची फिल्म उधव्याच्या त्याच अंगणात पुन्हा लावली. बुधीबाईचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं. ती म्हणाली, आता मलाच झोप आली.

माझा जुना ड्रायव्हर परत आला, म्हणून लाहूही लगेच गाडीवर परत गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. दुसऱ्याचं व्हायचं आहे. मोरीचं त्याने नविनशेठला स्वतः जाऊन सांगितलं. नविनशेठ म्हणाला, दोन्ही डोळे झाले की डॉक्टरचा कागद घेऊन ये, मग बघू. बघू म्हणजे काय, ते लाहूला कळतं. तोवर गाडी सुनिल चालवतो.

हल्ली दुपारी लाहू काळा चष्मा काढून माझ्यापुढे बसतो आणि दक्षाच्या लग्नाची फिल्म बघतो. परवा म्हणाला, दक्षाचा शालू हिरवा हाय? मी तर मातकट समजत होतो. लग्नाला तो स्वतः हजर होता. वऱ्हाड त्यानेच नेलं होतं.

माझी बॅटरी आता मेली आहे. वायर काढली की मी जागच्या जागी संपतो. कळफलकावरची दोन अक्षरं पुसली गेली आहेत. फार दिवस काढेन असं वाटत नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातला माझ्यासारखा कोणी बिघडला आणि तुम्ही त्याबद्दल फोनवर बोलत असलात, तर ओट्याखाली कोणी पाय धूत नाही ना, ते आधी बघा. आणि नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणू नका. ‘लॅपटॉपचा ड्रायव्हर’ म्हणा.

आमच्या घरी आता तसंच म्हणतात. तरी कधी योगिता विसरते. कालच प्रविणला फोनवर सांगत होती, की ड्रायव्हर एकदम मस्त चालतोय. ओट्यावरून लगेच आवाज आला, “कोणता?”

“लॅपटॉपचा, बाबा.”

“बरं,” लाहू म्हणाला.

घरात सगळे हसले. माझ्या समोर, भिंतीच्या खिळ्याला बिल्ला अजून तसाच आहे. शुक्री दर रविवारी तो चिंचेने घासते.